बोटांवर फटका बसला आणि बॉल बाहेर गेला, तर बॉल कुणाचा द्यायचा?

नवी_शिट्टी: मंडळी, शाळांच्या बास्केटबॉल मॅचेसना पंच म्हणून उभं राहायला नुकतीच सुरुवात केलीये. पोरगा साइडलाइनजवळ ड्रिबल करतोय, डिफेंडरने वरून फटका मारला, तो बसला बॉलवर असलेल्या बोटांवर आणि बॉल बाहेर. मनगटाला काही लागलं नाही म्हणून फाऊल दिला नाही. पण मग शेवटचा टच ड्रिबलरचाच ना? बॉल डिफेन्सला दिला की कोच अंगावर येतात, "मारलं त्याने आणि बॉलपण त्यालाच?" तुम्ही काय देता?

जुना_पंच: अटॅकला देऊन मोकळा हो. वर्षानुवर्षं असंच चालतं, कुणी भांडत नाही.

ट्रेल_साहेब: दादा, राग मानू नका पण ही भरपाई झाली. नियम एवढंच बघतो की बाहेर जायच्या आधी बॉल शेवटी कुणाला लागला, फटका कुणाचा हे त्यात येतच नाही. हात वर करतानाच ठरवायचं, मूठ (फाऊल) की उघडा पंजा (नुसता बॉल बाहेर). मनगटावर, दंडावर बसला आणि त्यामुळे कंट्रोल गेला तर मूठ, फाऊल. फक्त बॉलवरच्या बोटांवर बसला तर पंजा आणि शेवटचा टच. आता गंमत अशी की बऱ्याचदा डिफेंडरची बोटंपण त्याच फटक्यात बॉलला लागतात, मग दोघांचा टच एकदमच झाला, किंवा नीट दिसलंच नाही, किंवा पार्टनर (दुसरा पंच) वेगळं म्हणतोय, तर दोन्ही अंगठे वर, जम्प बॉल सिच्युएशन, अ‍ॅरो (स्कोअरच्या टेबलवरचा बाण, आळीपाळीने दोन्ही टीमकडे फिरवतात) ज्याचा त्याचा थ्रो-इन. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) पुस्तकात हे स्पष्ट आहे, कोचला हेच सांग.

रात्री_एनबीए: अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या रूलबुकात तर सरळ लिहिलंय की बॉलला लागलेला हात हा बॉलचाच भाग. तिथे वेगळीच पंचाईत होती, आऊटचा रीप्ले बघताना मनगटावरचा फटका दिसला तरी रेफ्रीला फाऊल देता यायचा नाही. 2024-25 च्या सीझनपासून कोचने आऊटवर चॅलेंज घेतला (म्हणजे निर्णय रीप्लेवर तपासायला लावला) तर लगतचा सुटलेला फाऊलपण देता येतो. आपल्याकडे कुठला रीप्ले म्हणा, फार तर कुणाच्या तरी पप्पांचा मोबाइल 😄

नवी_शिट्टी: मूठ-पंजा पटलं. आणि बॉल लाइनच्या बाहेर हवेत असेल, पोराचे पाय आत, तर?

ट्रेल_साहेब: खेळ चालू. लाइन स्वतः आऊट, पण बॉल हवेत असला तर काही नाही, खाली टेकला किंवा लाइनवर पाय असलेल्याला लागला की वाजव. म्हणून लाइनजवळ बॉल आला की एक डोळा पायांवर ठेव, नवीन पोरं नुसती बॉलकडेच बघत बसतात.

जुना_पंच: बरं बाबा, अ‍ॅरो तर अ‍ॅरो. टेबलवाल्याने तो फिरवला तर.