‘त्यांचं घर कुठे हो?’ : गायकांच्या गावी राहणाऱ्यांनो, अनुभव लिहा

सांगली-साताऱ्याकडे राहणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेलाय. विचारणारा गाडीची काच खाली करून थांबलेला, आणि आपण दुधाची पिशवी हातात घेऊन घाईत. ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, ते गावावर ठरतं. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब, नागठाण्यात बालगंधर्व, पसरणीत शाहीर साबळे आणि पाचगणीत चक्क ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी!

भक्तांनी लिहिलेलं पुष्कळ वाचून झालं. ते येतात, गहिवरतात, परत जाऊन लेख लिहितात. ज्यांच्या दारात येऊन गहिवरतात त्यांना मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. अट एकच, तुम्ही त्या गावचे पाहिजेत.

सुरुवात मी करतो. मिरजेत घर विचारणाऱ्याला मी सरळ मीरासाहेब या सूफी संतांच्या दर्ग्यात पाठवतो. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, किराणा घराण्याचं नाव तिथलंच. पण ते रमले मिरजेत. प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेनं उठले आणि दर्ग्यात गानसेवा धरली, असं इथली जुनी माणसं सांगतात. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगापेरुमल कोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. तिथून त्यांना इथे आणलं आणि दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी इथे गाऊन गेले, तेही बिदागीसाठी नव्हे, हजेरी म्हणून.

मागे धारवाडकडचे एक गृहस्थ आले होते. कबरीजवळ मांडी घालून बसले, बराच वेळ नुसतेच. मग मला हळूच विचारलं, “थोडं गाऊ का?” म्हटलं, मला काय विचारता, ज्यांना विचारायचं ते समोर आहेत. मग झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी त्यांनी इतक्या बारीक आवाजात म्हटली, की मी शेजारी नसतो तर कळलंही नसतं. पोरं पळत होती, एक बाई नवसाचा धागा बांधत होती, फुलवाल्याचं सुट्टे मोजणं चालूच होतं. कुणी ‘श्श’ केलं नाही, हे मला फार आवडलं. याउलट काही जण आल्या आल्या मोबाईल उभा करतात आणि बाजूच्यांना सरकायला सांगतात. अहो, ती माणसं मीरासाहेबांकडे आलीत, तुमच्या व्हिडिओत नाही.

(खाँसाहेबांनी एका कुत्र्याला सुरात गायला शिकवलं होतं म्हणतात. ‘त्या कुत्र्याची समाधी कुठाय’ असं विचारणाराही मला भेटलाय. मी हात जोडले.)

मिरज, शनिवार पेठ

आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे बनतात. दर्ग्यातून निघालेला माणूस हमखास आमच्या गल्लीत येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तर नुसते बघायला येणारेही वाढले. ओळीनं टांगलेले मोठाले भोपळे बघून “एवढे भोपळे येतात कुठून?” हे आधी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आणि नाही, त्यांची भाजी करत नाहीत.

एक पाहुणे हटून बसले, “तंबोरा खाँसाहेबांच्या पट्टीत लावून द्या.” आमचे चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी खुंट्या पिळल्या, मणी सारले, मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली जवारीचा दोरा घालून केसभर पुढे, केसभर मागे करत बसले. दोरा नेमक्या जागी आला की तार एकदम बोलायला लागते, अख्खी खोली भरून जाते. पाहुण्यांचे डोळे मिटले. चाचा म्हणाले, “आता सा लावा.” खाँसाहेबांची पट्टी उंच, पाहुण्यांचा आवाज चांगला खर्जातला. पहिल्याच प्रयत्नात ठसका लागला. चाचांनी पाणी दिलं आणि सांगितलं, “तंबोरा खाँसाहेबांचा न्यायचा तर गळा पण त्यांचाच आणावा लागेल. तुमच्या गळ्याला लावून देऊ का?” दिला लावून. घेऊनही गेले. अजून दोरा बदलायला स्वतः येतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

पाचगणी

आमचा टेबललँडच्या वाटेवर स्ट्रॉबेरी-क्रीमचा गाडा. २०१८ ला त्या फ्रेडीवर सिनेमा आला तेव्हापासून काळे टी-शर्टवाले जास्त विचारायला लागले. त्याचा जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, मूळ नाव फारुख बुलसारा. इथे सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला होता. पियानो इथे शिकला, शाळेतल्या पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, ‘फ्रेडी’ हे नावही इथेच पडलं. हे सगळं मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. आता मीच पुढच्याला सांगतो.

लोकांना वाटतं इथे पुतळा-बितळा असेल. ती चालू शाळा आहे, पोरं शिकतात, कुणीही उठून आत कसं शिरणार? एक परदेशी जोडपं आलं होतं. म्हटलं फाटकावरूनच फोटो काढा. त्यांनी फाटकाचा काढलाच नाही. मैदानावर पोरांचा दंगा चालू होता, तो मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला. म्हणे, त्यानंही हाच ऐकला असेल. मला आधी हसू आलं. नंतर दोन प्लेटचे पैसे घेतले नाहीत.

पसरणी

वर पाचगणीकर दादांनी लिहिलंय ते सगळं खरं. फक्त ते काळे टी-शर्टवाले ज्या घाटानं वर येतात तो आमचा, पसरणीचा. शाहीर साबळे इथले. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आवाज आमच्या शाहिरांचा. गाड्या वाईत मिसळ खातात आणि थेट वर. आमच्याकडे थांबतात ते बहुतेक शाळामास्तर किंवा लोककलेचा अभ्यास करणारी मुलं. त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तेवढंच.

नागठाणे, ता. पलूस

बालगंधर्व म्हंजे आमचे नारायणराव राजहंस, नाटकात बायकांची कामं करायचे. त्यांच्यासाठी येणारी पाव्हणी म्हातारी हो. नातवंडांच्या हाताला धरून येत्यात. एक पुण्याच्या आजी आल्या होत्या. गाडीतनं उतरल्या त्या पदर सारखा करत. नात म्हणाली, आजी, इथं कोण बघतंय? आजी म्हणाल्या, “नारायणराव बघतील. पदर कसा घ्यायचा ते आमच्या आयांनी त्यांच्याकडं बघूनच उचललं.” आता बोला! मग कृष्णेचं पाणी बघायचं म्हणाल्या. घाट चढउतार करायला जमंना, तर पोरांनी खुर्चीसकट उचलून नेलं.

जन्म इथला का पुण्याचा, यावर दारात उभं ऱ्हाऊन हुज्जत घालणारंबी भेटल्यात. त्यांना आम्ही सावलीत बसवतो आणि बोलू देतो. जुनं घर, जुन्या वस्तू मागणाऱ्यांना एवढंच सांगतो, २०१९ चा पूर आठवा. कृष्णामाई आली की राजहंसांचं घर आन् आमचं घर असा भेद करत न्हाई.

धागाकर्ता

नागठाणेकर, आजींचं वाचून मजा आली. बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली आमच्या मिरजेत, ‘शाकुंतल’मध्ये. त्यामुळे पुढच्या वेळी आजींना इकडेही पाठवा, खुर्ची उचलायला पोरं आहेत.

मिरज, दर्ग्याजवळ

हे वाचून उरुसाला यायचं ठरवणाऱ्यांसाठी लिहिते, कारण दरवर्षी आमचीच बेल वाजते. उरुसाची तारीख चांद्र महिन्यावर असते, दरवर्षी मागे येते. गेल्या वर्षीची धरून निघू नका, आधी विचारा. त्या दिवसांत लॉज शोधत बसलात तर रात्र स्टेशनवरच जाईल, सांगलीत नातेवाईक असतील तर तिथे उतरा. पहिला मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा, तो चुकवू नका. गाणं ऐकायला बसायची सतरंजी घरून आणा, आणि चप्पल पिशवीत घालून जवळ ठेवा. गेल्या खेपेला एक गायिका आमच्या सासूबाईंच्या स्लीपर घालून परत गेल्या. सासूबाई अजून सगळ्यांना अभिमानानं सांगतात.