मदत हवी आहे : यंत्रबुद्धीचा साहित्यातील इतिहास कोठून सुरू करावा?

शंकेखोर :
परवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासावर साहित्याच्या अंगाने बोलायचे आहे. सुरुवात चार वेळा लिहिली आणि चारही वेळा खोडली. कृपया एकच आरंभबिंदू सुचवावा. याद्या माझ्याकडे भरपूर आहेत.

अर्धविराम :
श्रोते कोण आहेत? आणि इतिहास कल्पनेचा सांगायचा आहे की यंत्रांचा?

जुनी वही :
त्याने काय फरक पडतो? चेक लेखक कारेल चापेकचे 'आर. यू. आर.' (१९२०) हे नाटक घ्यावे. 'रोबो' हा शब्द त्या नाटकातून जगभर गेला. वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दावरून तो चापेकच्या भावाने, योसेफने सुचवला होता. मी दोनदा येथूनच सुरुवात केली आहे.

तळटीप :
केली असेल, परंतु त्या नाटकातले रोबो यंत्रे नव्हेतच. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले देहधारी कामगार आहेत. त्यापेक्षा होमरचे ग्रीक महाकाव्य घ्यावे : 'इलियड'च्या अठराव्या सर्गात हेफेस्टस या कारागीर देवाच्या सोन्याच्या दासी आहेत, त्यांना मनही आहे आणि वाणीही.

जुनी वही :
देवाने घडवलेल्या दासींमध्ये गणन कोठे आले?

रिकामटेकडा :
विज्ञानकथाकार असिमोव्हचे रोबोंसाठीचे तीन नियम १९४२ च्या 'रनअराउंड' या कथेत आहेत, ते विसरू नका.

शंकेखोर :
नियमांविषयी मी विचारलेले नाही. श्रोते संगणकशास्त्राचे विद्यार्थी असून सध्या भाषिक प्रारूपे (मजकूर तयार करणाऱ्या संगणकप्रणाली, language models) शिकत आहेत, एवढे लिहायचे राहिले.

अर्धविराम :
तेच तर पहिल्यांदा विचारले होते. मग स्विफ्ट घ्यावा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१७२६) लगाडो या काल्पनिक शहराच्या अकादमीतील एका प्राध्यापकाने भाषेतले सगळे शब्द लाकडी ठोकळ्यांवर चिकटवून ते एका चौकटीत बसवले आहेत. चाळीस विद्यार्थी चाळीस दांडे फिरवतात, शब्दांची जुळणी बदलते, आणि जेथे तीन-चार शब्द मिळून वाक्याचा तुकडा होतो तेथे तो लिहून घेतला जातो. अडाण्यालाही या यंत्रावर काव्य आणि तत्त्वज्ञान लिहिता येईल, असा त्याचा दावा आहे. विशेष म्हणजे ग्रंथांत नामे, क्रियापदे आणि अव्यये कोणत्या प्रमाणात येतात, हे त्याने आधी काटेकोर मोजलेले आहे.

तळटीप :
ती निव्वळ थट्टा आहे. सोंगट्या फिरवणे म्हणजे बुद्धी नव्हे.

शंकेखोर :
विद्यार्थी हाच आक्षेप घेतील, म्हणून तर हे उपयोगी आहे. शब्दांच्या प्रमाणापासून सुरुवात करतो. यापुढे थेट १९६६ च्या 'एलायझा'वर गेलो तर चालेल का? त्या संगणकीय संवादप्रणालीचे नावही शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाच्या नायिकेवरून ठेवलेले आहे.

जुनी वही :
मध्ये चापेक हवाच.