जुन्या सोलापूरच्या रस्त्यांचे, रोजच्या जगण्याचे फोटो कुठे मिळतील? सल्ला हवा

नवी_पेठ:
नमस्कार मंडळी. मी शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या मुलांना घेऊन 1940 ते 1975 या काळातल्या सोलापूरच्या रस्त्यांचं छोटं प्रदर्शन करायचंय. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, इंद्रभुवन यांचे फोटो भरपूर मिळाले. मला हवाय तो मिल सुटल्यावरचा रस्ता, टांगे, नळावरची रांग, सूप घेऊन विडी कारखान्याला निघालेल्या बायका. 1881 साली साठ हजारांच्या आसपास वस्ती असलेलं हे गाव 2011 साली साडेनऊ लाखांवर गेलं. मधल्या काळात ते कसं दिसत होतं, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं असं वाटतं. शोधायचं कुठे? आणि फोटोचं साल कसं ओळखायचं?

बाळीवेसकर:
ताई, "रस्त्याचा फोटो" म्हणून विचाराल तर सगळे नाहीच म्हणतील. साध्या बॉक्स कॅमेऱ्यात एका रोलवर आठच फोटो निघायचे. त्यातला एक नुसत्या रस्त्यावर कोण घालवणार? म्हणून मिरवणुकांचे फोटो मागा. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), गणपती, लग्नाची वरात. माणसं पुढे उभी असतात, पण मागे दुकानाच्या पाट्या, ओट्यावर बसलेले म्हातारे, उघडी गटारं, सायकली सगळं आलेलं असतं. स्कॅन मोठा करून कडेकडेने बघायचं.

त्यातही काठ्यांचे फोटो आधी गोळा करा. बाराबंदी घातलेले भक्त सातही नंदीध्वज दरवर्षी ठरलेल्या मार्गानेच नेतात. म्हणजे एकाच कोपऱ्याचे वेगवेगळ्या सालांतले फोटो वेगवेगळ्या घरांतून निघू शकतात. ते ओळीने लावले की माळवदाच्या जागी स्लॅब कधी आला, विजेचा खांब कधी आला, दुकानं कशी पुढे सरकली, हे मुलं स्वतःच सांगतील. शहर वाढताना दाखवायला याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

पूर्व_भाग:
वरच्या सल्ल्यात भर. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो, त्याचे फोटो पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरांत हमखास मिळतील. पण फोटो मागू नका, अल्बम बघायला बसा. आजीला चहा घेता घेता विचारा, हे घर कुठलं, हा माग कुणाचा, हातमाग जाऊन यंत्रमाग कधी आला. अर्धा इतिहास तिच्या तोंडून मिळतो, तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मिल कामगारांच्या घरीही जा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. फाटकापुढचे ग्रुप फोटो पुष्कळांनी फ्रेम करून लावलेत.

आणि जुने फोटो स्टुडिओ विसरू नका. माळ्यावर निगेटिव्हचे डबे पडलेले असतात आणि दुकान विकलं की ते सरळ भंगारात जातात. हे लवकर करा, ताई.

काच_निगेटिव्ह:
मी जुन्या फोटोंच्या जतनाचं काम करते, म्हणून कळकळीने सांगते. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. छोट्या प्रिंटला 600 डीपीआय ठेवा, मूळ फाइल टिफमध्ये. काचेची निगेटिव्ह कडेला धरायची, मधे बोट लागलं की ठसा कायमचा राहतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे, तिचं काम सगळ्यात आधी. 1950च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती झटकन पेटते. अशी फिल्म मुलांच्या हातात देऊ नका, घरातल्या गरम माळ्यावरही ठेवू नका. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने. लॅमिनेशन अजिबात नको.

चार_पुतळे:
साल ओळखायला पाट्या वाचा. भाव आण्यांत असेल तर बहुधा 1957च्या आधीचा फोटो. "न. पै." लिहिलं असेल तर 1957 ते 1964, कारण नया पैसा 1 एप्रिल 1957ला आला आणि 1964ला त्यातला "नया" गेला. पाटीवर नगरपालिका की महानगरपालिका, हेही बघा, आपली महापालिका 1964ची. दुकानाच्या पत्त्यात 413 ने सुरू होणारा पिनकोड दिसला तर फोटो 1972 नंतरचा, पिनकोड त्याच वर्षी सुरू झाले. फक्त जुनी पाटी कित्येक वर्षं तशीच टांगलेली असते, म्हणून नव्यात नवी खूण धरायची. जागा ओळखायला मिलची चिमणी शोधा. पण तेवढ्यावर थांबू नका, चिमण्या बऱ्याच होत्या.

नवी_पेठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काठ्यांच्या मार्गाची कल्पना फार आवडली, तिथूनच सुरुवात करते. एक शंका आहे. विडी वळणाऱ्या बायकांचा फोटो मिळाला, तर तो लावायला परवानगी कुणाची घ्यायची?

काच_निगेटिव्ह:
कायद्याने 2012 पर्यंत फोटो प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं हक्क राहायचा, आता तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. पण घरातल्या अल्बममधला फोटो म्हणजे त्या घराची ठेव. साल कितीही जुनं असो, विचारूनच लावा आणि खाली "अमुक कुटुंबाकडून" असं लिहा. फोटोतल्या बाईचं नाव कळलं तर घरच्यांना विचारून तेही लिहा. मिल मालकांची नावं सगळीकडे आहेत, विड्या वळणाऱ्या बायकांची कुठेच नाहीत.

पूर्व_भाग:
अगदी बरोबर. आणि प्रदर्शनाला त्या घरच्यांना आधी बोलवा. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी आजी-आजोबा मंडळी येतील, तर मुलांपैकी दोघं-तिघं त्या भाषा जाणणारी जवळ उभी करा की. काय नाव-गाव सांगतील ते तिथेच लिहून घेता येईल.