गेमिंग पीसी: सुटे भाग आणून जोडावा की तयार घ्यावा? (सोलापूर, बजेट एक लाख)

नमस्कार मंडळी,

भाचा यंदा इंजिनिअरिंगला लागला. बारावीला चांगले मार्क पाड, कॉम्प्युटर मी घेऊन देतो, असं सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसलोय. त्यामुळे घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरला नाही. अभ्यासाला लागतो हे खरं, पण त्याच्या यादीत पहिलं नाव ग्राफिक्स कार्डाचं आहे, त्यावरून मामाला काय ते कळतं. व्हॅलोरंट, जीटीए ५ हे गेम आणि थोडंफार ब्लेंडर (थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर). मॉनिटर धरून एक लाख, फार तर पाच हजार इकडेतिकडे.

पहिला पर्याय ऑनलाइन मिळणारा ब्रँडेड टॉवर. आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, विंडोज ११ सकट ९८ हजार, मॉनिटर वेगळा. वर्षभर घरी येऊन सर्व्हिस. दुसरा इथल्याच एका दुकानातला 'आय७ गेमिंग पीसी'. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, समोर काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे, मॉनिटरसकट ३८ हजार. भाच्यानं बघताच नाक मुरडलं, पण दाजींना हाच पटलाय. तिसरी भाच्याची यादी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आरटीएक्स ५०६०, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबी एसएसडी, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, कॅबिनेट. बेरीज ८१ हजार. काही ऑनलाइन, काही पुण्याहून, काही हैदराबादच्या काकांकडून मागवतो आणि व्हिडिओ बघून स्वतः जोडतो म्हणतो.

माझी अडचण निराळीच आहे. खाली आमचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट, वर घर. कापडाचे तंतू जिन्यातून वर येतात. टेबल फॅनच्या जाळीला आठवड्यात करडी दाढी फुटते. मे महिन्यात बाहेर ४३ डिग्री असते तेव्हा वरच्या खोलीत पंखा नुसती गरम हवा फिरवतो. लाईट जाते-येते. शिलाई मशीन बंद पडलं तर माझा मेकॅनिक तासाभरात येतो. हे बंद पडलं तर कोण येणार? ज्याला विचारावं तो एफपीएस (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) सांगतो.

सोलापुरात असं मशीन वापरणाऱ्यांनी सांगा की ओ.

होटगी_रोडकर:
दाजींचा पर्याय आधी निकालात काढा. दुकानात जाऊन एवढंच विचारा, "आय७ कितव्या जनरेशनचा?" उत्तर 'आय७ म्हणजे आय७च' असं आलं की चहा पिऊन परत या. ३८ हजारांत मॉनिटरसकट बसतो तो बहुतेक आय७-३७७० असतो. म्हणजे २०१२ चा प्रोसेसर, ऑफिसातून निघालेला. बोर्ड एच६१, रॅम डीडीआर३, ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०. ते कार्ड २०१४ चं. नवीन असतात ते फक्त कॅबिनेट आणि पंखे.

जुनं असण्याबद्दल तक्रार नाही, टॅलीला ते पळेल. पण मायक्रोसॉफ्टच्या नियमात विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) पाहिजे. ज्या गेमसाठी पोरगं रुसलंय तोच धड चालणार नाही.

गड्डा_गर्दी:
वरच्याला +१.

आता उरलेल्या दोघांचं. तुम्ही 'स्वतः जोडणं की तयार घेणं' एवढंच धरलंय. आपल्याकडे बहुतेक लोक मधला रस्ता धरतात: यादी आपली, जोडणी दुकानदाराची. नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी भाच्याची यादी जशीच्या तशी द्या आणि लेखी कोटेशन घ्या. ऑनलाइनपेक्षा चार-पाच हजार जास्त सांगतील. ते द्या. तुम्ही विचारलंत ना कोण येणार, त्याच माणसाचे ते पैसे. पुण्याहून कार्ड, हैदराबादहून बोर्ड आणि डिस्प्ले येईना, तर दोष कुणाचा? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार आणि भाचा महिनाभर कुरिअरवाल्याची वाट बघणार.

बिलाबाबत मात्र कडक राहा. 'गेमिंग पीसी १ नग' असं बिल घेऊ नका. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर पाहिजे. कार्ड, प्रोसेसर, बोर्ड यांना साधारण तीन वर्षं वॉरंटी असते, पॉवर सप्लायला कधी पाच. ती भागागणिक मिळते आणि उद्या दुकान बंद झालं तरी तुमच्याकडे राहते. रिकामे खोके माळ्यावर टाका, फेकू नका. पॉवर सप्लायचं मॉडेल स्वतः वाचा. दुकानदार बदलतो तो नेमका हाच भाग.

आणि जोडणी भाच्यासमोर होऊ द्या. प्रोसेसर तरी त्याच्या हातानं बसवू द्या, तेवढी हौस भागते.

ब्रँडेड टॉवर वाईट नाही. पण त्यात मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर सप्लाय उडाला तर बाजारातला बसत नाही. रॅमही बरेचदा १६ ची एकच पट्टी घालतात. आठ-आठच्या दोन असतील तर गेमला फरक पडतो. 'ऑनसाइट' आपल्या पिनकोडला लागू आहे का, तेही आधी विचारा.

बाळीवेस_बिल्डर:
एक शंका. ५६०० म्हणजे एएम४, प्रोसेसर बसवायचं २०१६-१७ पासूनचं सॉकेट. पुढे अपग्रेडला फारसा वाव नाही. त्यापुढच्या एएम५ सॉकेटवर रायझन ५ ७६०० का नाही?

गड्डा_गर्दी:
एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव कुठे नेऊन ठेवलेत बघताय ना. डीडीआर४ ही महागलीय. मामांचं बजेट मॉनिटरसकट आहे, तेव्हा पोराची यादी बरोबर आहे. बी५५० निवडलाय ते तर हुशारीचं. ५०६० कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, जुन्या, हळू पीसीआयई ३ च्या बोर्डावर थोडं मार खातं.

डीपी_उडाला:
मी वायरिंगचं काम करतो, गेम खेळत नाही. मशीन कुठलंही घ्या, आधी भिंतीतलं बघा.

वरच्या खोलीच्या बोर्डात मल्टीमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. दहा-पंधरा दाखवलं तर अर्थिंग गेलेलं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी कोण ओततंय! मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर खराब.

यूपीएस ६०० व्हीएचा नको. तो साधारण ३६० वॉटच ओढतो. तुमच्या भाच्याचं कार्डच १४५ वॉटचं, प्रोसेसर ६५, वर बोर्ड, पंखे, मॉनिटर. गेम चालू असताना लाईट गेली तर तो नुसता ओरडून बंद पडेल. १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्या. तो सेव्ह करून बंद करण्यापुरता, खेळण्यापुरता नाही. घरच्या इन्व्हर्टरवर घेणार असाल तर तो प्युअर साइन वेव्ह (लाईनीसारखी गुळगुळीत वीज देणारा) आहे का बघा आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. इको मोडवर लाईट जाताना मशीन रिस्टार्ट होऊ शकतं.

होटगी_रोडकर:
तंतूंचं राहिलं. समोर काच असलेलं कॅबिनेट नको. समोर जाळी आणि आत काढून धुता येणारा फिल्टर पाहिजे. जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. तुमच्याकडे मशिनी साफ करायचा ब्लोअर असेलच, दर पंधरा दिवसांनी तोच मारा. फक्त मेन बंद करून, आणि पंख्याचं पातं बोटानं धरून. मोकळं सोडलं तर ते हवेनं भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दुकानात विचारलं. "थर्ड जनरेशन आहे, पण दणकट आहे," असं उत्तर आलं. दाजी गप्प.

नवी पेठेतून दोन कोटेशनं आली, ८५ आणि ८७ हजार. ८७ वाला सिरियल नंबरसकट बिल द्यायला लगेच तयार झाला, ८५ वाला "कशाला एवढं" म्हणाला. ८७ वाल्याकडे जातोय. बिल फर्मच्या नावावर काढून १८ टक्के जीएसटी सोडवू, असंही एकानं सुचवलं. घरच्या खेळाचं बिल धंद्यात दाखवलं तर सीए मलाच सोडवेल. विंडोजचं लायसन्स यादीत नव्हतंच, ते धरल्यावर हात आखडलाय. अर्थिंग मोजलं, अकरा व्होल्ट! वायरमन उद्या येतोय, त्याशिवाय मशीन घरात आणत नाही.

मॉनिटर कसला घ्यावा? भाचा २७ इंची फोर-के म्हणतोय.

गड्डा_गर्दी:
फोर-के ला ५०६० ची ८ जीबी मेमरी पुरायची नाही. २४ इंची, १०८०पी (फुल एचडी), आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा वर. घरी आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, नाहीतर ६० वरच खेळत बसेल. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. मदरबोर्डच्या पोर्टात घातली तर पडदा काळाच राहील आणि रात्री अकराला ८७ वाल्याला तुमचा फोन जाईल.