फुलाखाली साप की सर्प? की अस्तनीतला निखारा?

ओसरी: वाचनगटासाठी 'मॅकबेथ'चा पहिला अंक मराठीत उतरवते आहे. पाचव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ नवऱ्याला बजावते की वरून निष्पाप फूल दिसा, पण त्याखालचा 'सर्पंट' व्हा. मी 'साप व्हा' लिहिलं. गटातल्या एका ज्येष्ठांनी ते खोडून 'सर्प' केलं. मूळात स्नेक नाही, सर्पंट आहे, तेव्हा शब्द भारदस्त हवा, असं त्यांचं म्हणणं. एक मैत्रीण म्हणते, सरळ 'अस्तनीतला निखारा' लिही. मला दोन्ही पटत नाही, पण का ते मांडता येत नाही.

आडवाट: निखारा मुळीच नको. तो ज्याच्या अस्तनीत असतो त्यालाच भाजतो. इथे बाई नवऱ्याला दडून बसायला सांगते आहे, आणि तेही फुलाखाली. ते फूल गेलं की ओळच गेली. प्रतिमा फार जुनी आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या तिसऱ्या गोपगीतात फुलं नि रानातली स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या पोरांना हाक येते: पळा, गवतात गार साप दडलाय. इंग्रजीतला 'गवतातला साप' तिथूनच आला.

'सर्प' मात्र मला योग्य वाटतो. सर्पंट हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, मूळ अर्थ सरपटणारा. आपल्या 'सृप्' धातूचा तो सख्खा भाऊ. शब्दाला शब्द आयता मिळतोय तर तद्भव कशाला?

काजळमाया_नको: सख्खा भाऊ म्हणून तोच अर्थ, असं कुठे असतं? याच नाटकात तिसऱ्या अंकात मॅकबेथ म्हणतो की आपण साप नुसता जखमी केला, मारला नाही. तिथे 'स्नेक' आहे. मिल्टनच्या 1667 च्या महाकाव्यात सैतान ज्याच्या अंगात शिरतो तो प्राणी कधी सर्पंट, कधी स्नेक. भारदस्तपणाचा नियम त्या दोघांनीच पाळलेला नाही.

पण सर्पंटमध्ये एक जास्तीचं आहे. 1611 च्या बायबलात एदेनच्या बागेत हव्वेला मोहात पाडणारा तो सर्पंटच. बाई पुरुषाला पापाकडे ढकलते आहे आणि तोंडी नेमका हा शब्द, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला जाणवल्याशिवाय राहिलं नसेल. 'सर्प' लिहून मराठी वाचकाला एदेन आठवणार आहे का? त्याला कीर्तन आठवेल. 'साप' ठेवा.

आडवाट: 'साप व्हा' रंगमंचावर म्हणून बघा. पोकळ वाटतं.

काजळमाया_नको: म्हणून बघितलं. 'व्हा' थोडं दाबून म्हटलं की अंगावर येतं.

वेशीबाहेर: अस्तनीतला निखारा नको तर 'अस्तनीतला साप' म्हणा ना. आमच्याकडे सर्रास म्हणतात.

आडवाट: ते हिंदीतून आलंय. मराठीत निखाराच.

वेशीबाहेर: आणि अस्तनी कुठून आली? फारसी 'आस्तीन'. फारसीतही अस्तनीत साप पाळतात. इंग्रजीत तो छातीशी ऊब घेतो. शेक्सपिअरच्याच नाटकातला राजा दुसरा रिचर्ड विश्वासघाताची शंका येताच म्हणतोच, माझ्या रक्ताच्या उबेवर वाढलेले साप. आपण निखारा केला तो आपला, पण म्हणून साप परका होत नाही.

कुडाळचो: माझी आजी संध्याकाळनंतर 'साप' हा शब्द घरात काढू देत नसे. 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं'. चावला तर 'पान लागलं'. आमच्या मालवणीत सापाला 'किरडू' म्हणतात, आणि मला कायम वाटतं की तो किड्याचाच शब्द आहे. इंग्रजीतही तसंच आहे. 'वर्म' म्हणजे पूर्वी साप. क्लिओपात्राकडे टोपलीतून जो नाग येतो त्याला शेक्सपिअर नाईलचा वर्मच म्हणतो.

जाता जाता, 'कोब्रा' पोर्तुगीज. त्यांच्याकडे अर्थ नुसता साप. इथला फणा पाहून ते 'कोब्रा द कापेलो', म्हणजे टोपडंवाला साप म्हणाले. इंग्रजांनी टोपडं टाकून दिलं आणि साप ठेवला.

वेशीबाहेर: पान फक्त नागाचं लागतं. बाकी साप चावतात.

कुडाळचो: आमच्याकडे फुरशाचंही लागायचं.

आडवाट: 'नाग' आणि 'स्नेक' एकच शब्द, हे कोणी कसं लिहिलं नाही अजून? पुढचा 'स' काढून बघा.

काजळमाया_नको: तो संबंध काहींनी सुचवलाय, सर्वमान्य नाही. अक्षरं काढूनच बघायची तर 'अॅडर' बघा. तो मूळचा 'नॅडर'. 'अ नॅडर'चं बोलताना 'अॅन अॅडर' झालं, सापाचा न उपपदाने गिळला. हे लेखी पुराव्यानिशी दिसतं.

ओसरी: मग 'साप' ठेवू ना? 'फूल दिसा, फुलाखाली साप व्हा', असं चालेल?

सायलीचा_वेल: सृप् वरून आठवलं. 'हर्पिस' हा ग्रीक शब्दही त्याच कुळातला, सरपटणारी व्याधी. आणि आपण त्यातल्या हर्पिस झोस्टरला 'नागीण' म्हणतो! वडिलांना झाली होती तेव्हा शेजारच्या काकू काव लावायला आल्या. नागिणीचं तोंड शेपटीला मिळू देऊ नका, मिळालं तर माणूस दगावतो, असं सांगत होत्या. तो कांजिण्यांचाच जुना विषाणू आहे हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. पण इंग्रजीत तिला 'शिंगल्स' म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या कंबरपट्ट्यावरून आलाय. झोस्टर म्हणजेही पट्टा.

कुडाळचो: आमच्याकडेही हेच सांगत, पण काव नाही, गेरू.

वेशीबाहेर: काव म्हणजे गेरूच ना?