‘योगदान’, ‘श्रेय’, ‘वाटा’: कॉन्ट्रिब्युटरला मराठीत काय म्हणायचं?

रत्नागिरीहून:
आमच्या कॉलेजची मुलं भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) ॲप करतायत. त्यातली कॉन्ट्रिब्युटर्सची, म्हणजे कामाला हातभार लावणाऱ्यांच्या नावांची, फाइल मराठीत लिहायला घेतली आणि शीर्षकालाच अडलो. ‘योगदानकर्ते’ सरकारी अहवालातलं वाटतं, ‘सहभागी’ म्हटलं तर कोणी काय केलं ते कळत नाही. कोड लिहिणारे चौघे आहेत, पण वेळा चुकतायत हे पहिल्यांदा दाखवलं ते मिरकरवाड्यातल्या एका तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी), आणि सगळा मजकूर मराठीत आणला एका मुलीने. या दोघांना कोणता शब्द?

मालवणहून:
सगळ्यांना एक नाम शोधत बसू नका, क्रियापद वापरा. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक पॅचखाली (पाठवलेल्या बदलाखाली) ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ अशा ओळी असतात. मराठीत सरळ लिहा: ‘चूक दाखवली’, ‘चालवून पाहिलं’, ‘कोड तपासला’, ‘मजकूर मराठीत आणला’, आणि पुढे नाव. तांडेलांचं काम कोडपेक्षा कमी कसं? त्यांनी सांगितलं नसतं तर चुकीच्या वेळेवर विसंबून कोणीतरी होडी काढली असती.

एक मात्र सांभाळा. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही श्रेयाची ओळ नाही. हे काम देण्याचा मला हक्क आहे, अशी ती हमी आहे. कर्नलमध्ये २००४ पासून ही पद्धत आहे. तिथे ‘हमी’ हाच शब्द शोभेल.

गुहागरहून:
गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात, लेखक आणि कमिट करणारा (बदल चढवणारा) वेगवेगळे नोंदवता येतात. मुलीने मजकूर ईमेलने पाठवला आणि दुसऱ्याने आपल्या नावावर चढवला, असं झालं असेल तर आधी ते दुरुस्त करा. दोघांचं काम असेल तर ‘को-ऑथर्ड-बाय’ची (सहलेखकाची) ओळ टाका. ‘गिट ब्लेम’ या आज्ञेवर विसंबू नका. ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला एवढंच ते दाखवतं. कोणी नुसती मांडणी नीट केली तरी त्याचंच नाव दिसतं.

देवगडहून:
माझ्या मते खरा फरक श्रेय आणि वाटा यांत आहे. श्रेय देतात, घेतात, लाटतातसुद्धा. वाटा ठरलेला असतो, म्हणून तो मागता येतो. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) दोर ओढायला हात लावला की मासळीत वाटा मिळतो. ‘माका माझो वाटो होयो’ म्हणताना कोणाला संकोच वाटत नाही. जाळ्याच्या मालकाचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा, पण रित्या हाताने कोणी घरी जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये नाव फाइलीत राहतं आणि पैसा भलतीकडे जातो. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सुरक्षा-सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला तेव्हा कळलं की जगभरच्या वेबसाइट ज्याच्या जिवावर चालतात, त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. हे मला अन्यायाचंच वाटतं. म्हणून मी ‘वाटेकरी’ सुचवतो.

वेंगुर्ल्याहून:
दादा, भावना पटते, शब्द नाही. आपल्याकडे वाटेकरी म्हटलं की सामाईक जमीन आणि सातबारा डोळ्यांपुढे येतो, म्हणजे मालकी. कर्नलमध्ये लिहिणाऱ्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो (किंवा तो जिथे नोकरी करतो तिथे), पण काही प्रकल्प करार करून हक्क स्वतःकडे घेतात. तुमच्या ॲपचं काय ठरलंय ते माहीत नसताना हा शब्द छापलात तर उद्या भांडण होईल.

रत्नागिरीहून:
पटलं. शीर्षक ‘कोणी काय केलं’, खाली क्रियापदांच्या ओळी. तांडेलांना नाव चालेल का ते आधी विचारतो. पण स्पर्धेत बक्षिसाची रक्कम मिळाली, तर हिशोबात ‘मानधन’ लिहू की ‘वाटा’?

देवगडहून:
मानधन किती द्यायचं ते देणारा ठरवतो. वाटा सगळ्यांनी मिळून आधी ठरवलेला असतो. स्पर्धेत नाव देण्यापूर्वी सगळ्यांना बसवून आकडे लिहून घ्या, तांडेल आणि त्या मुलीसकट. मग हिशोबात ‘वाटा’ लिहा.