पोराला टक्कल करायचंय, आजी म्हणते अजिबात नाही. तुमचं मत?

जर्सीकर_बाबा: आम्ही न्यू जर्सीत. मुलगा ११ वर्षांचा. त्याच्या शाळेत मार्चमधे सेंट बाल्ड्रिक्सचा कार्यक्रम आहे, म्हणजे ओळखीच्यांकडून पैसे गोळा करायचे आणि सगळ्यांसमोर डोकं भादरून घ्यायचं, पैसे लहान मुलांच्या कॅन्सरच्या संशोधनाला. (बाल्ड्रिक नावाचा संत वगैरे कोणी नाही, 'बॉल्ड'वरून केलेला विनोद आहे.) पोराने नाव देऊन टाकलंय. साताऱ्याहून आईचा फोन, "बाप जिवंत असताना पोराचं मुंडण करतात का रे?" बायको म्हणते करू दे, मी मधे लटकलोय.

तिरकस_तात्या: आजीचं जाऊ द्या, मला मुळात हा तमाशाच कळत नाही. पैसे द्यायचेत ना, मग गपचूप द्या की. केस कापून पेशी मरतात का? फोटो, टाळ्या, लाइक्स, आणि दोन महिन्यांत केस परत जागेवर.

लॅबवाली: तात्या, गपचूप किती जण देतात हो? हे सुरू झालं १७ मार्च २००० ला, न्यूयॉर्कच्या एका पबमधे, विमा धंद्यातल्या लोकांनी. ठरवलं होतं १७ डोकी, १७ हजार डॉलर. जमले एक लाखाच्या वर. नुसती पावतीपुस्तकं फिरवून जमले असते? आणि मुलांचे कॅन्सर मोठ्यांच्या मानाने दुर्मिळ, औषध कंपन्यांना त्यात धंदा दिसत नाही, म्हणून असा पैसा लागतो.

परळचा_पक्या: मान्य, पण अमेरिकेच्या लॅबला आपण का द्यायचे? टाटाच्या बाहेर फुटपाथवर पोरांना घेऊन राहणारी कुटुंबं बघा एकदा. तिथे औषध आहे, पण गावाकडून येऊन सहा महिने राहायचं कुठे, खायचं काय, म्हणून लोक उपचार अर्धवट टाकून जातात. त्यांच्या खोलीचं भाडं द्या, संशोधन नंतर.

लॅबवाली: भाडं द्याच. पण ते औषध आलं कुठून? ८० च्या दशकात टाटात ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांना एमसीपी ८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला आराखडा, सुरू झाला, तो अमेरिकेच्या एनसीआय या सरकारी कॅन्सर संस्थेसोबत आखलेला. तिकडे ६० च्या दशकात ल्युकेमियाची १० तली जेमतेम एक पोर वाचायची, आता ९. कोणीतरी आधी संशोधनाला पैसे दिले म्हणूनच ना?

सई_कोथरूड: बायकांचं काय पण? माझ्या पणजीचं केशवपन झालेलं, तिचा एकच फोटो आहे, डोक्यावर आलवण. मी टक्कल करून हसत फोटो काढला तर घरातल्या म्हाताऱ्यांना नक्की काय दिसेल ते मला माहितीये. मी केस विगसाठी दिले, तेवढं पुरे.

तिरकस_तात्या: हे पटलं.

निळी_छत्री: माझ्या लेकीला सातव्या वर्षी ल्युकेमिया होता. केमोत केस गेले तेव्हा मामा आणि त्याचे मित्र टक्कल करून भेटायला आले, आम्ही मोठे सगळे रडलो, आणि ती चिडली. म्हणाली, "तुमचे परत येतील, तुम्ही मुद्दाम केलंय." तिला टोपी घालून चारचौघांसारखं दिसायचं होतं, बास. म्हणून एकच सांगते, पैशासाठी करायचं तर खुशाल करा, पण 'आजारी मुलांना आधार म्हणून' असं म्हणू नका, त्यांना विचारलेलं नसतं. पोराच्या वर्गात असं कोणी आहे का, आधी बघा.

लॅबवाली: याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जर्सीकर_बाबा: आहे. दुसरीतला एक मुलगा, आत्ताच शाळेत परत आलाय. त्याच्या आईशी बोललो, ती म्हणाली त्याला सांगून ठेवते, चालेल. मग पोराने स्वतः आजीला फोन लावला, अर्धा तास. शेवटी आईचा निकाल असा: पोराला हात लावायचा नाही, पण आमचे अण्णा गेलेले असल्यामुळे मला मुंडण चालतं. पोरगं म्हणतंय, "बाबा, मग तुमच्या नावावर फिरवतो लिंक." फक्त कार्यक्रम शनिवारी आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.